रजा संपते तेव्हा : विरह, सब्र आणि पत्नीचा हक्क

भारतीय वायुदलातील सैनिकाला, ज्याला एअरमन म्हणतात, वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. कागदावर हे नव्वद दिवस पुष्कळ वाटतात. परंतु रजा सेवेच्या निकडीवर अवलंबून असते. ती तुकड्यातुकड्यांनी मिळते, कधी ऐन वेळी रद्द होते आणि तिच्यातले काही दिवस प्रवासातच सरतात. समजा, नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा या गावचा एक तरुण वायुदलात आहे आणि त्याची नेमणूक आसामातील तेजपूरला झाली आहे. प्रकाशाला रेल्वे नाही. एस.टी.ने तापीचा पूल ओलांडून नंदुरबार गाठायचे, तेथे सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी पकडायची आणि पुढे गाड्या बदलत देशाचे दुसरे टोक गाठायचे. असा तरुण रजा संपवून निघतो तेव्हा मागे त्याची पत्नी उरते, बहुधा एखादे तान्हे मूलही. घरातील वडीलधारी माणसे त्या वेळी तिला एकच शब्द सांगतात : सब्र कर.

वाचकहो, हा लेख त्या शब्दाविषयी आहे. सब्र हा इस्लामी नीतीतील मोठा गुण आहे, याबद्दल आपल्यात दुमत असण्याचे कारण नाही. दिव्य कुरआनात सब्र करणाऱ्यांसोबत अल्लाह असल्याची ग्वाही आहे. प्रश्न वेगळा आहे. हा गुण एका माणसाने दुसऱ्या माणसाकडून वसूल करावयाचा असतो काय? पतीने नोकरी पत्करली, सासरच्यांनी त्याच्या पगारावर घर चालविले, देशाने त्याची सेवा घेतली आणि या सर्वांची किंमत म्हणून सब्र मात्र एकट्या पत्नीने भरावा, अशी जी वाटणी आपल्या घरांत न बोलता होऊन बसते, ती शरीअतच्या दृष्टीने न्याय्य आहे काय?

हा प्रश्न केवळ सैनिकांच्या घरांचा नाही, हे येथेच सांगून ठेवतो. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या कोकणपट्टीतील आपल्या बांधवांनी आधी जहाजांवर आणि १९७० नंतर आखाती देशांत आयुष्ये काढली. वर्षा-दोन वर्षांनी एकदा घरी यायचे, महिनाभर राहायचे आणि पुन्हा निघायचे, असे करीत कित्येकांचा संसार तीस वर्षांचा झाला. प्रत्यक्ष सहवास मोजला तर तो तीन-चार वर्षेही भरणार नाही. इकडे नंदुरबार जिल्ह्यातून दिवाळीनंतर मजुरांची कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. तेथे नवरा-बायको कोयत्याला एकत्र असतात, पण मुले पुष्कळदा आजी-आजोबांपाशी मागे राहतात. विरहाची रूपे निरनिराळी आहेत. सैनिकाचा विरह यांत वेगळा ठरतो तो एवढ्यासाठी की त्याला जाण्याची तारीख स्वतः ठरविता येत नाही आणि न जाण्याचा पर्याय तर मुळीच नसतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला थेट भिडणारी एक घटना आहे. आदरणीय उमर (रजि.) खलीफा असताना रात्री मदीनेच्या गल्ल्यांतून गस्त घालीत. एका रात्री एका घरातून एका स्त्रीचा आवाज त्यांच्या कानी पडला. तिचा पती मोहिमेवर गेलेला होता. रात्र लांब आहे, सोबत कोणी नाही, आणि केवळ अल्लाहचे भय व लज्जा आपल्याला सांभाळून आहे, अशा आशयाची कवने ती स्वतःशीच म्हणत होती. उमर (रजि.) यांनी तिचे दार वाजवून तिला उपदेश केला नाही. तिच्या ईमानाविषयी शंका घेतली नाही. ते आपल्या कन्येकडे, प्रेषितांच्या पत्नी हफसा (रजि.) यांच्याकडे गेले आणि त्यांना विचारले की, स्त्री पतीवाचून किती काळ धीर धरू शकते? वडिलांनी मुलीला असा प्रश्न विचारावा, हे त्या काळीही संकोचाचेच होते. हफसा (रजि.) यांनी लाजत उत्तर दिले. काही रिवायतींत चार महिने असे उत्तर आहे, काहींत सहा महिने. त्यावर उमर (रजि.) यांनी सेनापतींना फर्मान काढले की, त्या मुदतीपलीकडे कोणत्याही सैनिकाला अडकवून ठेवू नये. सहा महिन्यांच्या रिवायतीत त्याचा हिशेबही आला आहे : एक महिना जाण्याचा, चार महिने तेथे राहण्याचे आणि एक महिना परतण्याचा.

या घटनेत आपण थोडे थांबावे असे मला वाटते, कारण आपल्या व्याख्यानांत ती पुष्कळदा सांगितली जाते, परंतु उमर (रजि.) यांच्या प्रजादक्षतेचा दाखला म्हणूनच. तिच्यात त्याहून अधिक काही आहे. ज्या स्त्रीने कोणतेही गैरकृत्य केले नव्हते, जी आपल्या लज्जेला धरून होती, तिचे दुःख राज्यकर्त्याच्या कानी पडले आणि राज्यकर्त्याने बदल करण्यासाठी तिच्या मनाकडे बोट दाखविले नाही. त्याने सैन्याचे वेळापत्रक बदलले. त्याने प्रश्न सेनापतींना विचारला नाही, काझींनाही विचारला नाही. स्त्रीच्या सहनशक्तीचे माप स्त्रीकडूनच घ्यावे, एवढे त्याला समजत होते. आणि त्या स्त्रीचा सब्र अपुरा आहे असा निष्कर्ष निघण्याऐवजी, मागणीच मर्यादेबाहेर गेली होती, असा निष्कर्ष निघाला.

हे मापही हवेत आलेले नाही. सूरह अल-बकरामध्ये, पत्नीजवळ न जाण्याची शपथ घेणाऱ्या पुरुषासाठी चार महिन्यांची मुदत घातली आहे. त्याने तेवढ्यात परतावे अन्यथा विवाहाचा निर्णय करावा. अरबांत अशी शपथ घेऊन पत्नीला वर्षानुवर्षे टांगून ठेवण्याची रीत होती, तिला या आज्ञेने लगाम बसला. ती आज्ञा रागाने दूर राहणाऱ्याविषयी आहे, कामासाठी दूर जाणाऱ्याविषयी नाही, हे खरे. तरीही तीत पत्नीच्या प्रतीक्षेला एक सीमा मान्य केलेली आहे. पुढे हंबली मताच्या फकीहांनी सबळ कारणावाचून सहा महिन्यांहून अधिक दूर राहणाऱ्या पतीला परत बोलाविण्याचा हक्क पत्नीला दिला. आपल्या देशात १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला, त्यामागे मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या हनफी आलिमांनी मालिकी मताचा घेतलेला आधार होता. त्या कायद्यानुसार पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे निर्वाह न देणे किंवा वाजवी कारणावाचून तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये न पाळणे, ही स्त्रीला विवाहविच्छेद मागण्याची कारणे आहेत. कर्तव्यावर असलेला, पैसे पाठविणारा, पत्र-फोन करणारा सैनिक यांपैकी कशातच बसत नाही आणि बसूही नये. मी हे सांगतो ते अशासाठी की, पतीच्या गैरहजेरीला मोजमाप असते, ही कल्पना पाश्चात्त्यांकडून उसनी आलेली आहे असे कोणी समजू नये.

येथे एक आक्षेप निघेल. आजचा एअरमन काही खलीफाचा सेनापती नाही. त्याला स्वतःची बदली ठरविता येत नाही, मग त्याने पत्नीच्या हक्काचे काय करावे? आक्षेप योग्य आहे. सरकारी घर मिळून कुटुंब सोबत नेता येईल अशा नेमणुका असतात. परंतु घरांसाठी प्रतीक्षा करावी लागते आणि काही ठाणी अशी असतात जेथे कुटुंब नेताच येत नाही. लेहच्या थंडीत किंवा कार निकोबारच्या बेटावर कोणाला केव्हा पाठवायचे, हे वरिष्ठ ठरवितात. २०२२ पासून सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत तर भरती होणारा तरुण अविवाहित असावा लागतो आणि चार वर्षांच्या सेवेत त्याला विवाह करता येत नाही. त्याची वार्षिक रजाही ३० दिवसांवर आली आहे. शासनाने एका परीने हा प्रश्न विवाहच पुढे ढकलून सोडविला, असे म्हणता येईल. परंतु त्याआधीचे, वीस वर्षांच्या करारावर असलेले, विवाहित आणि मुलाबाळांचे हजारो एअरमन सेवेत आहेतच.

तेव्हा जे त्याच्या हाती नाही ते बाजूला ठेवू आणि जे हाती आहे ते पाहू. यासाठी मला आदरणीय इब्राहीम (अलै.) आणि बीबी हाजरा यांचा प्रसंग सर्वांत उपयोगी वाटतो. इब्राहीम (अलै.) यांनी पत्नीला व तान्ह्या इस्माईलला मक्केच्या निर्जन खोऱ्यात सोडले, तेव्हा खजुरांची एक पिशवी आणि पाण्याची एक पखाल त्यांच्यापाशी ठेवली व ते निघाले. बुखारींच्या हदीससंग्रहातील वृत्तान्तानुसार हाजरा त्यांच्यामागे गेल्या आणि आम्हाला येथे सोडून आपण कोठे जाता, असे पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. उत्तर आले नाही. शेवटी त्यांनी विचारले की, ही अल्लाहची आज्ञा आहे काय? होय, असे उत्तर मिळाले. तेव्हा, मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही, असे म्हणून त्या परतल्या.

आपण या प्रसंगातून पत्नीच्या आज्ञाधारकतेचा धडा काढतो. माझ्या मते क्रम नीट पाहिला पाहिजे. आधी त्यांनी प्रश्न विचारला. एकदा नव्हे, अनेकदा विचारला. त्यांना कारण कळले तेव्हाच त्यांनी रुकार दिला, आणि तो रुकार त्यांचा स्वतःचा होता. इब्राहीम (अलै.) यांनी त्यांच्याकडून सब्र मागितलाच नाही, त्यांनी फक्त खरे ते सांगितले. पुढे पाणी संपल्यावर हाजरा स्वस्थ बसून राहिल्या नाहीत. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या. हज व उमरा करणारा प्रत्येक मुस्लिम, तो कितीही मोठा आलिम वा बादशहा असो, आजही त्या एकाकी मातेच्या पावलांवर पाऊल ठेवून चालतो. तिच्या मूक प्रतीक्षेची कोणतीही इबादत झाली नाही, तिच्या धावपळीची झाली, हे सब्राविषयी बोलताना विसरू नये.

तेव्हा निघणाऱ्या पतीचे पहिले देणे म्हणजे खरे सांगणे. पुढील रजा बहुधा कधी मिळेल, न मिळण्याची शक्यता किती, कुटुंबाच्या घरासाठी अर्ज केला आहे की नाही, आणखी किती वर्षे सेवा करण्याचा विचार आहे, हे पत्नीला ठाऊक असावे. आपल्याकडे या गोष्टी वडिलांशी बोलल्या जातात, मोठ्या भावाशी बोलल्या जातात, आणि सुनेला त्या स्वयंपाकघरात ऐकीव बातमीसारख्या कळतात. सेवेची मुदत वाढवून घेण्याचा निर्णय जर तिला न विचारता झाला असेल, तर त्या वाढीव वर्षांच्या विरहाला तिची संमती आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला उरत नाही. पतीच्या दीर्घ गैरहजेरीबाबत फकीहांनी पत्नीच्या राजीखुशीला महत्त्व दिले आहे, आणि राजीखुशी ही विचारल्यावाचून कळत नसते.

दुसरे देणे पैशाचे. इब्राहीम (अलै.) यांनी पखाल हाजरांच्या हाती दिली होती. पगार सासऱ्यांच्या खात्यात जमा व्हावा आणि मुलाच्या औषधासाठीही सुनेला हात पसरावा लागावा, ही व्यवस्था किती घरांत आहे, याचा वाचकांनी आपल्या आसपास पाहून अंदाज घ्यावा. आईवडिलांचा हक्क मोठा आहे. परंतु नफका हा पत्नीचा स्वतंत्र हक्क आहे, तो आईवडिलांच्या हक्कात विरघळत नाही.

तिसरी गोष्ट लहान वाटेल. प्रवासाहून परतणाऱ्याने रात्री अचानक घरी येऊन धडकू नये, पत्नीला केस विंचरण्यास व आवरण्यास अवधी मिळावा, अशी प्रेषित (स.) यांची शिकवण जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. अचानक येऊन चकित करण्याची हौस आजच्या तरुण सैनिकांत फार आहे आणि तिच्यामागे प्रेमच असते. तरीही या शिकवणीत जे नाजूकपण आहे ते लक्षात घ्यावे. मागे राहिलेल्या माणसाचेही एक जग तयार झालेले असते. परतणाऱ्याने त्यात विचारून शिरावे. रजेचे पहिले चार दिवस पुष्कळ घरांत अवघडलेले जातात. मूल बापाकडे जात नाही, आईच्या पदराआड लपते. पत्नीने वर्षभर स्वतः घेतलेले निर्णय पतीला एकाएकी खटकू लागतात. आणि निघण्याआधीचे दोन-तीन दिवस तर क्षुल्लक कारणांवरून भांडणात जातात. ते भांडण मिठावरून वा इस्त्रीच्या कपड्यांवरून झालेले असले, तरी ते निरोपाचे भांडण असते. हे ज्याला कळले, तो उलट उत्तर देण्यापूर्वी थोडा थांबेल.

आता घरात उरलेल्यांविषयी. मोहिमेवर गेलेल्याच्या कुटुंबाची जो चांगली काळजी घेतो, तो स्वतः मोहिमेत सामील झाल्यासारखा आहे, अशा अर्थाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दुसऱ्या एका हदीसमध्ये, मोहिमेवर गेलेल्यांच्या पत्नींची प्रतिष्ठा मागे राहिलेल्यांसाठी त्यांच्या मातांच्या प्रतिष्ठेसारखी ठरविली आहे. जो तीत विश्वासघात करील त्याची सत्कृत्ये कयामतच्या दिवशी त्या सैनिकाला हवी तितकी घेऊ दिली जातील. ही इशारत नुसत्या मोठ्या गुन्ह्यापुरती समजू नये. दूर असलेल्या सैनिकाच्या पत्नीवर जी नजर ठेवली जाते, ती फोनवर किती वेळ बोलली, माहेरी किती दिवस राहिली, दारात कोणाशी उभी होती, याचा जो जमाखर्च शेजारपाजारी मांडला जातो, तोही तिच्या प्रतिष्ठेचाच भंग आहे. काळजी घेणे आणि पहारा ठेवणे यांतला भेद आपल्या मोहल्ल्यांत पुसट झाला आहे, हे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

आणि तिचे रडणे? त्याला सब्राचा अभाव समजणाऱ्यांनी सूरह यूसुफ पुन्हा वाचावी. यूसुफ (अलै.) हरवल्यावर ज्या याकूब (अलै.) यांनी सुंदर सब्राचा उच्चार केला, त्यांचेच डोळे पुढे शोकाने पांढरे झाले. घरच्यांनी टोकले, तेव्हा आपण आपले दुःख अल्लाहपाशीच मांडतो आहोत, असे त्यांनी सांगितले. एकाच प्रेषिताच्या ठायी सब्र आणि अश्रू दोन्ही आहेत. तेव्हा पतीला बसमध्ये बसवून आल्यावर सून दोन दिवस नीट जेवली नाही, म्हणून तिच्या ईमानाची चर्चा करणाऱ्या सासूबाईंनी स्वतःच्या तरुणपणाकडे वळून पाहावे.

काही वाचक विचारतील की देशरक्षणासारख्या मोठ्या कामापुढे एका घरातील विरहाला इतके वजन द्यावे काय? आपल्या समाजाला वायुदलाची सेवा परकी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेले इद्रीस हसन लतीफ १९७८ मध्ये वायुदलप्रमुख झाले आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपालही होते. कामाचा मोठेपणा निर्विवाद आहे. परंतु प्रेषित (स.) यांचे दोन निर्णय पाहा. बद्रच्या वेळी आदरणीय उस्मान (रजि.) यांच्या पत्नी, प्रेषितकन्या रुकय्या (रजि.) आजारी होत्या. इस्लामच्या इतिहासातील पहिली मोठी लढाई, मुस्लिमांची संख्या तीनशेच्या थोडी वर, एकेक माणूस मोलाचा, तरीही उस्मान (रजि.) यांना पत्नीच्या शुश्रूषेसाठी मदीनेत ठेवण्यात आले आणि लढणाऱ्यांइतकाच पुण्याचा व युद्धलाभाचा वाटा त्यांना देण्यात आला. दुसरा प्रसंग एका सामान्य माणसाचा आहे. त्याने सांगितले की माझे नाव अमुक मोहिमेत नोंदले गेले आहे आणि माझी पत्नी हजला निघाली आहे. त्याला मोहीम सोडून पत्नीसोबत हज करण्यास पाठविण्यात आले.

सेनादलात आजही पत्नीच्या गंभीर आजारासाठी, बाळंतपणासाठी, घरातील संकटासाठी रजा मागता येते आणि कुटुंबाच्या निवाऱ्यासाठी अर्ज करता येतो. मागण्याचा संकोच मात्र आपल्या तरुणांत दिसतो. बायकोसाठी रजा मागितली तर सोबती हसतील, ही भीती त्यामागे असते. उस्मान (रजि.) यांच्या वाट्याकडे बघून हा संकोच सोडण्यास हरकत नाही.

एक अगदी व्यवहारातली गोष्ट राहिली. आपल्याकडे सैनिक निघतो तेव्हा त्याला पोहोचवायला बाप, भाऊ, मामा, मित्र असे सगळे पुरुष जातात आणि पत्नी दाराच्या चौकटीशी थांबते. तिचा निरोप सर्वांच्या देखत, डोक्यावरची ओढणी सावरत, दोन शब्दांत आटोपतो. प्रकाशाहून नंदुरबारचे रेल्वेस्थानक काही फार दूर नाही. पुढच्या वेळी मामांनी घरी थांबावे आणि गाडीत ती जागा तिला द्यावी. मूलही सोबत असू द्यावे. गाडी फलाटावर फार वेळ थांबत नाही. परंतु ती येईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास बाकावर दोघांना बसता येईल. निघणाऱ्याने मागे राहणाऱ्यांना अल्लाहच्या सुपूर्द करण्याची जी मसनून दुआ आहे, ती त्याने तेथे तिच्यासाठी म्हणावी आणि तिने त्याच्यासाठी म्हणावी.